ग्रीन्सबर्ग : विद्यार्थ्यांनी बांधलेली एक इमारत आणि पुन्हा उभं राहिलेलं गाव

पर्यावरणपूरक नगराचा आराखडा करणं हा प्रकल्प आर्किटेक्चर, सिव्हिल आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या मुलांच्या शीटवर बहुधा सगळं असतं: छपरांवर सौरपॅनेल, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, सायकलमार्ग, मधोमध तळं. नसतो तो त्या गावात राहणारा माणूस. त्याचा धंदा काय, विजेचं बिल तो कशातून भरणार, टाकीचा गाळ कोण उपसणार, याबद्दल शीट गप्प असते. अशा मुलांना मी आधी अमेरिकेतल्या ग्रीन्सबर्गचं प्रकरण अभ्यासायला सांगतो. तिथे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाची खरी इमारत झाली, आजूबाजूला खरं गाव होतं आणि त्या गावाने पुढे काय केलं याचे आकडेही उपलब्ध आहेत. या गावाचं यश सगळे सांगतात. त्याचं जे जमलं नाही ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं, आणि विद्यार्थ्यांनी दोन्ही एकत्र पाहावं यासाठी हे लिहितो आहे.

गाव आणि ती रात्र

ग्रीन्सबर्ग हे कॅन्सस राज्याच्या नैऋत्येकडचं गाव, कायोवा काउंटीचं मुख्य ठिकाण. सपाट माळ, गव्हाची शेती, गुरं, थोड्या तेल-वायूच्या विहिरी आणि गावातून जाणारा ५४ क्रमांकाचा महामार्ग. गावाची ओळख म्हणजे तिथली मोठी विहीर. १८८७-८८ मध्ये माणसांनी हातांनी खणलेली ही विहीर १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद आहे. १९३२ पर्यंत गाव तिचं पाणी पीत होतं. १९६० साली इथे १,९८८ माणसं राहत होती. त्यानंतर प्रत्येक जनगणनेत आकडा खाली येत गेला आणि २००० साली तो १,५७४ झाला. शाळा संपली की मुलं विचिटा किंवा कॅन्सस सिटीला जायची, ती परतत नसत. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत हे चित्र आपणही पाहतो.

४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला या गावावरून टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरून फिरत जाणारं भोवऱ्यासारखं चक्रीवादळ, गेलं. त्याची रुंदी २.७ किलोमीटर होती, म्हणजे गावापेक्षाही जास्त. वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या घरात होता. वादळांच्या तीव्रतेची सुधारित मोजपट्टी अमेरिकेत त्याच वर्षी लागू झाली होती आणि तिच्यावर सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीत गेलेलं हे पहिलं वादळ. गावाचा ९५ टक्के भाग जमीनदोस्त झाला. परिसरात दहाहून अधिक माणसं दगावली. संख्या इतकीच राहिली याचं श्रेय दोन गोष्टींना आहे: वादळ येण्याआधी सुमारे वीस मिनिटं भोंगे वाजले आणि बहुतेक घरांना तळघरं होती. सकाळी उजाडलं तेव्हा धान्याचं काँक्रीटचं उंच कोठार आणि काउंटीची न्यायालयाची इमारत सोडली तर नजरेत भरेल असं फारसं काही उभं नव्हतं.

मांडवातल्या सभा

पुढच्या काही आठवड्यांत गावकऱ्यांच्या सभा एका मोठ्या मांडवात भरल्या, कारण छप्पर असलेली जागाच नव्हती. गाव पुन्हा बांधायचं का, हा पहिला प्रश्न. लोक आधीच कमी होत होते, म्हातारे जास्त होते, जुन्या घरांच्या विम्याच्या पैशात नवं घर होत नव्हतं. 'हिरवं' गाव बांधण्याची कल्पना याच सभांमधून पुढे आली. नगरपालिकेचे प्रशासक स्टीव्ह ह्युइट यांनी ती उचलून धरली, राज्याच्या गव्हर्नर कॅथलीन सेबेलियस यांनी पाठिंबा दिला आणि डॅनियल वॉलक यांनी 'ग्रीन्सबर्ग ग्रीनटाउन' ही ना-नफा संस्था त्यासाठी सुरू केली.

सगळ्यांना ती लगेच पटली असं मुळीच नाही. हा राजकीयदृष्ट्या पुराणमतवादी, शेतकरी मुलूख. पर्यावरणाची भाषा इथे मोठ्या शहरातल्या लोकांची मानली जायची. मन वळलं ते जुन्या आठवणींनी. या माळावर पहिल्यांदा आलेल्या कुटुंबांनी गवताळ मातीच्या ढेकळांची घरं बांधली होती, पवनचक्कीने पाणी उपसलं होतं, पावसाचा थेंब टाकीत साठवला होता. आपल्या आजोबांनी जे गरजेपोटी केलं तेच आपण नव्या साधनांनी करतो आहोत, असं म्हटल्यावर लोक ऐकू लागले. पुढे महापौर झालेले बॉब डिक्सन हीच बाजू सतत मांडत राहिले. शाळेतल्या मुलांनीही 'ग्रीन क्लब' काढला. ज्या पिढीने गाव सोडून जायचं अशीच सर्वांची अपेक्षा होती, तिनेच सभांमध्ये उभं राहून नवं गाव कसं हवं ते सांगितलं.

डिसेंबर २००७ मध्ये नगरपरिषदेने ठराव केला: ४,००० चौरस फुटांपेक्षा मोठी प्रत्येक सरकारी इमारत 'लीड प्लॅटिनम' दर्जाची असेल आणि प्रचलित बांधकाम संहितेपेक्षा ४२ टक्के कमी ऊर्जा वापरेल. लीड हे अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग काउन्सिलचं मानांकन. त्या काळच्या आवृत्तीत एकूण ६९ गुण होते आणि ५२ किंवा त्याहून जास्त मिळाले की प्लॅटिनम. असा ठराव करणारं हे अमेरिकेतलं पहिलं गाव ठरलं. पण ठराव झाला त्या दिवशी गावात, एवढंच काय अख्ख्या कॅन्सस राज्यात, प्लॅटिनम दर्जाची एकही इमारत नव्हती. ती कशी दिसते, आत बसल्यावर कशी वाटते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इथे विद्यार्थी येतात.

स्टुडिओ ८०४

लॉरेन्स इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्ससमध्ये डॅन रॉकहिल या प्राध्यापकांनी १९९५ मध्ये 'स्टुडिओ ८०४' सुरू केला. आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर शेवटच्या वर्षातली मुलं एका शैक्षणिक वर्षात एक इमारत आखतात आणि स्वतःच्या हातांनी बांधतात. कंत्राटदाराला द्यायचं काम अगदीच थोडं. वेल्डिंग, सुतारकाम, पत्रा, काच, परवानग्या, पैशांची जुळवाजुळव, सगळं विद्यार्थ्यांकडे. २००७-०८ च्या तुकडीने ग्रीन्सबर्ग निवडलं.

त्यांनी गावाचा आराखडा केला नाही. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. जमीनदोस्त झालेलं गाव समोर असताना वीसेक तरुणांना अख्खं गाव कागदावर मांडण्याचा मोह झाला असता तर नवल नव्हतं. गावाचा सर्वंकष आराखडा कॅन्सस सिटीच्या 'बीएनआयएम' या अनुभवी फर्मने केला. विद्यार्थ्यांनी साधारण १,६०० चौरस फुटांची एकच इमारत घेतली: गावातल्या कलाप्रेमींच्या ना-नफा संस्थेसाठी कलाकेंद्र. वादळाच्या तारखेवरून तिचं नाव '५.४.७ आर्ट्स सेंटर' पडलं, कारण अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. नगरपरिषदेच्या ४,००० चौरस फुटांच्या अटीत ही इमारत बसतच नव्हती. प्लॅटिनम गाठण्याचं बंधन विद्यार्थ्यांनी आपणहून घेतलं.

गावात कामगार नव्हते, राहायला जागा नव्हती, साहित्याचं दुकान नव्हतं. म्हणून इमारतीचे सुटे भाग लॉरेन्समधल्या एका गोदामात तयार झाले आणि ट्रकवर चढवून चारशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पार करून ग्रीन्सबर्गला नेले. ट्रकच्या रुंदीने खोलीची रुंदी ठरवली, पुलांच्या उंचीने छताची. वाहतुकीचे नियम हे डिझाइनचे नियम झाले. असली मर्यादा कागदावरच्या प्रकल्पात कधीच येत नाही आणि विद्यार्थ्याला घडवणारी गोष्ट नेमकी तीच असते.

भिंतींचं लाकूड त्यांनी लॉरेन्सजवळच्या सनफ्लॉवर या बंद पडलेल्या लष्करी दारूगोळा कारखान्यातून आणलं. जुन्या इमारती पाडताना निघालेलं, पुरतं वाळलेलं, घट्ट लाकूड. त्यावर बाहेरून टफन केलेल्या काचेचं आवरण चढवलं, त्यामुळे लाकूड दिसतं पण पावसाचा मारा त्याच्यावर येत नाही. छपरावर माती आणि कमी पाण्यात तगणाऱ्या वनस्पती. जमिनीत खोल बोअर घेऊन त्यात नळ्या सोडल्या. त्या खोलीवर मातीचं तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं, बाहेर बर्फ असो की ऊन. नळ्यांतून फिरणारं पाणी हिवाळ्यात मातीतली ऊब उष्णता-पंपाला आणून देतं आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता मातीत सोडून येतं. शिवाय सौरपॅनेल आणि प्रत्येकी ६०० वॅटच्या तीन छोट्या पवनचक्क्या.

तरी माझ्या मते इमारतीतलं सर्वांत हुशार काम यंत्रांविनाच झालं आहे. इमारत पूर्व-पश्चिम लांब आहे आणि दक्षिणेकडे मोठी काच आहे. ग्रीन्सबर्गचा अक्षांश सुमारे साडेसदतीस अंश उत्तर. डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर येतो, म्हणजे ऊन काचेतून थेट खोलीच्या आतपर्यंत शिरतं. काँक्रीटची जमीन ते दिवसभर पिते आणि रात्री सोडते. जूनमध्ये तोच सूर्य ७६ अंशांवर असतो, त्यामुळे काचेवरच्या छज्ज्याने त्याला सहज अडवता येतं. ही दक्षिण भिंत बिघडत नाही, तिला वार्षिक देखभालीचं कंत्राट लागत नाही.

वादळाला वर्ष पूर्ण होत होतं त्याच सुमारास, मे २००८ मध्ये, कलाकेंद्र खुलं झालं. कॅन्ससमधली ही पहिली लीड प्लॅटिनम इमारत. माणसं तात्पुरत्या ट्रेलरमध्ये राहत होती, शाळाही ट्रेलरमध्येच भरत होती, आणि मधल्या उजाड जागेत काचेची ही छोटी वास्तू उभी होती. जो शेतकरी 'प्लॅटिनम' ऐकून खांदे उडवायचा तो आता आत जाऊन हिवाळ्यातल्या उन्हात बसू शकत होता, बिल विचारू शकत होता. ठरावाला मूर्त रूप मिळालं, तेही बाहेरून आलेल्या पंचवीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांकडून.

गावाच्या मापावर

पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीचं गाव उभं राहिलं. नगरपालिकेची इमारत, छोट्या व्यवसायांना कमी भाड्यात गाळे देणारं केंद्र, काउंटीचं रुग्णालय, बालवाडीपासून बारावीपर्यंतची एकत्र शाळा. रुग्णालय आणि शाळा दोन्ही प्लॅटिनम. शाळा गावाबाहेर मोकळ्या माळावर न नेता मेन स्ट्रीटलगत ठेवली, म्हणजे मुलं चालत येतील आणि दुकानांना गिऱ्हाईक मिळेल. मेन स्ट्रीटवर पावसाचं पाणी साठवून त्यावरच स्थानिक गवतं आणि झाडं जगवायची व्यवस्था झाली. रस्त्यांवर सगळीकडे एलईडी दिवे आले. तेव्हा हे अमेरिकेत नवीन होतं. ट्रॅक्टर विकणाऱ्या स्थानिक कुटुंबानेही आपली शोरूम प्लॅटिनम दर्जाची बांधली, आणि मला वाटतं शेजाऱ्यांवर तिचा परिणाम सरकारी इमारतींपेक्षा जास्त झाला असेल, कारण शेतकरी जिथे रोज जातो ती जागा ती.

वीज ही या गोष्टीतली आपल्याला जवळची बाजू. गावाजवळ २०१० मध्ये १२.५ मेगावॅटचं पवनऊर्जा केंद्र सुरू झालं. त्यातल्या दहाही पवनचक्क्या, प्रत्येकी १.२५ मेगावॅटच्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीच्या आहेत. सातारा-धुळ्याच्या पठारांवर ज्या जातीच्या पवनचक्क्या आपण एसटीच्या खिडकीतून पाहत आलो, त्याच जातीच्या कॅन्ससच्या माळावर फिरतात.

इथे विद्यार्थ्यांनी वही काढून एक गणित करावं. कलाकेंद्राच्या तीन छोट्या पवनचक्क्या मिळून १.८ किलोवॅट. सुझलॉनची एक पवनचक्की १,२५० किलोवॅट, म्हणजे त्या तिन्हींच्या जवळपास सातशे पट. पात्याची लांबी दुप्पट केली की झाडलं जाणारं क्षेत्र चौपट होतं, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. उंचावर वारा जोरात आणि सरळ वाहतो, छपराच्या आसपास तो घोटाळतो. त्यामुळे प्रत्येक घरावर छोटी पवनचक्की दाखवणारा नगराचा आराखडा देखणा असला तरी हिशोबात टिकत नाही. सूर्याचं तसं नाही. सौरपॅनेल छोट्या छपरावरही जवळपास तितक्याच कार्यक्षमतेने चालतं. कुठली गोष्ट घराच्या मापावर करायची आणि कुठली गावाच्या, हे ठरवणं हाच नगररचनेचा निम्मा भाग आहे. दहा हिरवी घरं शेजारी ठेवली की हिरवं गाव होत नाही.

दुसरी एक गोष्टही स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्रीन्सबर्ग 'शंभर टक्के अपारंपरिक ऊर्जेवर' चालतं असं जे सांगतात, त्याचा अर्थ वारा थांबला की गाव अंधारात बसतं असा नाही. पवनचक्क्यांची वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यात, जाते आणि गाव ग्रीडमधून वीज घेतं. वर्षभरात पवनचक्क्या गावाच्या गरजेच्या कितीतरी पट वीज देतात, उरलेली बाहेर जाते, आणि हिशोब वर्षाच्या शेवटी कागदावर जुळतो. मला हा हिशोब प्रामाणिक वाटतो, कारण तारेत शिरलेल्या विजेवर कोणाचं नाव लिहिता येत नाही. पण जो विद्यार्थी आपलं नगर 'ग्रीडपासून स्वतंत्र' म्हणतो त्याने बॅटरीची किंमत, आयुष्य आणि शेवटी तिचं काय करायचं हे लिहिलंच पाहिजे. ग्रीन्सबर्गने तो मार्ग घेतला नाही.

मोजमाप

आपल्याकडच्या बहुतेक 'हरित' प्रकल्पांची गोष्ट उद्घाटनाला संपते. ग्रीन्सबर्गच्या बाबतीत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळा सुरुवातीपासून बरोबर होती आणि तिने नंतर बिलं तपासली. गावातल्या १३ प्रमुख इमारती मिळून वर्षाला सुमारे २ लाख डॉलर ऊर्जाखर्च वाचवतात असं आढळलं. नवी घरं वादळाआधीच्या घरांपेक्षा सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास कमी ऊर्जा वापरत होती, आणि घरांना प्लॅटिनमचं बंधन नव्हतं हे विशेष. घर बांधणाऱ्यांना माहिती दिली, नमुने दाखवले, जाड उष्णतारोधक आणि चांगल्या खिडक्या कुठे मिळतील ते सांगितलं. बाकीचं लोकांनी स्वतः ठरवलं.

मानांकनाबद्दल माझं मत थोडं सावध आहे. गुणांच्या तक्त्यात सायकल ठेवायच्या रॅकलाही गुण असतो आणि ऊर्जाबचतीलाही, आणि हुशार सल्लागार सोपे गुण आधी गोळा करतो. ग्रीन्सबर्गच्या ठरावात मला प्लॅटिनमपेक्षा '४२ टक्के कमी ऊर्जा' हा भाग जास्त भरीव वाटतो. तो मीटरवर तपासता येतो. आपल्याकडे 'ग्रिहा' किंवा आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग काउन्सिल) यांचं हरित इमारतीचं मानांकन घेताना मालकाने असाच एक मोजता येणारा आकडा करारात घालून घ्यावा, असं मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

जे जमलं नाही

२०१० च्या जनगणनेत ग्रीन्सबर्गची लोकसंख्या ७७७ भरली. २०२० मध्ये ७४०. वादळाआधीच्या निम्म्याहून कमी.

हा आकडा मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. गेलेल्यांतले बरेच वृद्ध होते. त्यांचं घर जुनं, लहान, कर्जमुक्त होतं. विम्याचे पैसे त्या जुन्या घराच्या किमतीइतके मिळाले आणि त्यात नवं बांधता आलं नाही. मग ते मुलांकडे किंवा शेजारच्या गावी गेले आणि तिथेच राहिले. भाड्याने राहणाऱ्यांना परतायला स्वस्त घर नव्हतं. नवे उद्योग येतील अशी आशा होती, काही छोटे आलेही, पण विचिटापासून पावणेदोनशे किलोमीटर दूर असलेल्या गावी कारखाना आणणं इमारतींच्या दर्जाने साधत नाही. आधीचीच गळती चालू राहिली. वादळाने ती एका रात्रीत अनेक वर्षं पुढे नेली आणि हिरव्या आराखड्याला ती उलटवता आली नाही.

म्हणून हा प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. कॅन्ससच्या माळावरची कितीतरी गावं वादळाशिवायच ओस पडत चालली आहेत. ग्रीन्सबर्गला निदान रुग्णालय, शाळा आणि कमी बिलाचं नगरपालिकेचं अंदाजपत्रक उरलं आहे, आणि कमी माणसांच्या गावाला वाचलेला प्रत्येक डॉलर जास्त कामाला येतो. पण एक प्रश्न सुरुवातीच्या आराखड्यातच यायला हवा होता: ज्या घरात सत्तरीची बाई एकटी राहत होती, तिला परवडेल असं चारशे-पाचशे चौरस फुटांचं हिरवं घर कुठे आहे? इमारतींचं मानांकन काटेकोर झालं, भाड्याच्या आणि छोट्या घरांची तरतूद त्या मानाने कमी पडली. टिकाऊपणाचं गणित ऊर्जेच्या एककात मांडलं की माणसं वजा होतात आणि उत्तर तरीही बरोबर दिसतं. मोटारींवरचं अवलंबनही तसंच राहिलं. मोठ्या खरेदीला आणि तज्ज्ञ डॉक्टरकडे जायला गाडी काढावीच लागते.

इथल्या मुलांनी यातून काय घ्यावं

ग्रीन्सबर्गची इमारत इथे आणून ठेवता येणार नाही. चंद्रपूरचा अक्षांश सुमारे २० अंश. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. दक्षिणेची मोठी काच कॅन्ससमध्ये जे काम करते त्याची आपल्याला गरजच नाही. आपला शत्रू म्हणजे तापलेली स्लॅब आणि दुपारनंतरची पश्चिमेची भिंत. काँक्रीटने दिवसभर ऊन पिऊन रात्री सोडलं तर कॅन्ससमध्ये ते वरदान आहे, विदर्भातल्या मे महिन्यात शिक्षा. तरीही परदेशी नमुना पाहून काचेचे दर्शनी भाग काढणारे प्रकल्प दरवर्षी येतात. सूर्याचा कोन स्वतः काढायला शिकलं की हे थांबतं. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, दुपारच्या उंचीसाठी नव्वदातून अक्षांश वजा करायचा, मग जूनसाठी साडेतेवीस मिळवायचे आणि डिसेंबरसाठी वजा करायचे.

उद्ध्वस्त गाव पुन्हा उभारण्याचा आपला अनुभवही मोठा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भूकंपाला टिकतील अशी झाली, हे काम मोठंच होतं. पण आखणी शहरी चौकटीची: रुंद सरळ रस्ते, एकमेकांपासून लांब प्लॉट. गल्लीतल्या सावल्या गेल्या, भावकीची घरं विखुरली, अंगणातली गुरं आणि कडबा कुठे ठेवायचा हे नकाशात नव्हतं. पसरलेल्या गावाला पाइप आणि दिव्यांची तार जास्त लागते आणि ती सांभाळायचा भार ग्रामपंचायतीवर येतो. लोकांनी पुढे स्वतःच भिंती घातल्या, पडव्या काढल्या, गाव आपल्याला हवं तसं वाकवून घेतलं. ग्रीन्सबर्गच्या मांडवातल्या सभा आणि किल्लारीच्या पुनर्वसित वस्त्या शेजारी ठेवून अभ्यासणारा विद्यार्थी मला हवा आहे. एकाकडे पैसा, विमा आणि प्रयोगशाळा होती, दुसऱ्याकडे हजारो मृत्यू आणि घाई. तुलना सरळ नाही, म्हणूनच ती करण्यासारखी आहे.

आमच्याकडे हा विषय मागायला येणाऱ्या गटाला आता मी अख्खं नगर देत नाही. एक खरं गाव निवडा, शक्यतो तुमच्यापैकी कोणाचं तरी. तिथली एक इमारत घ्या: ग्रामपंचायतीचं कार्यालय, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र. तिच्या मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागा. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीनला स्लॅबच्या आतल्या बाजूचं आणि पश्चिम भिंतीचं तापमान साध्या थर्मामीटरने रोज नोंदवा. पाणी कुठून येतं आणि टाकी कोण धुतं ते त्या माणसाच्या तोंडून ऐका. राज्य शासनाच्या 'माझी वसुंधरा' अभियानात गावाने भाग घेतला असेल तर पंचायतीने काय काय केलं ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) समजून घ्या, म्हणजे झालेलं काम पुन्हा सुचवलं जाणार नाही. मग एकच बदल सुचवा, पंचायतीच्या खर्चात बसेल असा. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेला जाळीदार पडदी किंवा वेल, दोन खिडक्यांची जागा बदलणं, जे असेल ते. जमलं तर आपल्या हातांनी करा आणि पुढच्या मे मध्ये तेच थर्मामीटर त्याच जागी लावा.

गावाचा आराखडा त्यानंतर. आणि त्याच्या पहिल्या शीटवर, नकाशाच्याही आधी, २००१ आणि २०११ च्या जनगणनेतली त्या गावाची लोकसंख्या, सध्या कुलूप लागलेल्या घरांची संख्या आणि ती माणसं कुठे गेली याची यादी हवी.